आदिलाबाद जिल्ह्याची स्थापना नेमकी कधीची? रस्त्याकडेच्या एका फलकासाठी केलेली टिपणं

आमच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत दोन वर्षांपूर्वी एक साधी सूचना आली. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर पैनगंगा ओलांडली की माणूस आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. तिथे रस्त्याच्या कडेला जिल्ह्याच्या स्थापनेची माहिती देणारा एक दगडी फलक असावा. खर्च वर्गणीतून करायचा, जागेची परवानगी रीतसर मागायची, आणि मजकूर मी लिहायचा. मी तीस वर्षं रस्ते-पुलांची कामं केली. त्यामुळे "पाट्यांचं तुम्हालाच कळतं" असं म्हणून मंडळींनी काम माझ्या गळ्यात टाकलं.

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. "आदिलाबाद जिल्हा, स्थापना सन अमुक." अमुकच्या जागी आकडा घातला की संपलं. पण तो आकडा घालताना हात अडला तो अडलाच. या लेखात मी तो का अडला ते सांगणार आहे, आणि शेवटी आम्ही ठरवलेला मजकूरही देणार आहे. वाचकांनी त्यावर टीका जरूर करावी.

आधी एक दाखला

फलकाचं काम सुरू असतानाच माझ्याबरोबर पूर्वी रस्त्याच्या कामावर असलेले एक मुकादम घरी आले. गोंड समाजाचे, मूळ गाव राजुरा तालुक्यातलं. नातीच्या जमातीच्या दाखल्यासाठी त्यांना महाराष्ट्रात जुना पुरावा द्यायचा होता. अनुसूचित जमातीसाठी महाराष्ट्रात ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरतात. त्या तारखेला आपलं कुटुंब या राज्याच्या हद्दीत राहत होतं, हे दाखवावं लागतं. त्यांच्याकडे वडिलांच्या नावाचा जमिनीचा उतारा होता. उर्दूतला, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून आम्ही तो वाचून घेतला. त्यात तालुका राजुरा, जिल्हा आदिलाबाद, सन १३५२ फसली असं स्पष्ट होतं.

ज्या कचेरीत त्यांनी तो दाखवला, तिथला कारकून म्हणाला, "बाबा, राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. आदिलाबाद तर तेलंगणात. हा कागद दुसऱ्या राज्याचा आहे, आणि त्यातही चुकीचा आहे."

कागद चुकीचा नव्हता. कारकूनही खोटं बोलत नव्हता. त्याला फक्त हे माहीत नव्हतं, की राजुरा जागचा हलला नाही, जिल्हा हलला. मुकादम उठताना म्हणाले, "साहेब, आमचं गाव तिथंच हाय. मग खोटं कोन झालं?"

फलकाचा मजकूर या प्रश्नाला उत्तर देणारा हवा, हे माझं त्या दिवशी ठरलं. शोभेसाठी दगड उभा करायचा असेल तर आकडा कुठलाही चालेल. लोकांच्या उपयोगी पडायचा असेल तर जरा खोलात जावं लागेल.

जाता जाता एक सूचना. निजामी कागदांतला फसली सन वाचताना त्यात ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन मिळतो. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून १३५२ फसली म्हणजे १९४२-४३. एवढं गणित पाठ ठेवलं तरी घरातल्या ट्रंकेतले निम्मे कागद बोलायला लागतात.

फलकावर किती मावतं?

हा माझ्या जुन्या धंद्यातला भाग, म्हणून थोडक्यात सांगतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर पुढे जाते. साठ शब्द वाचायला साध्या वाचकाला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गाडी अर्धा किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे इतिहासाचा फलक चालत्या गाडीतून वाचताच येत नाही. गाडी कडेला घ्यायला जागा हवी, आणि थांबलेल्या माणसाला थांबल्याचं चीज झालं असं वाटायला हवं. साठ-सत्तर शब्दांच्या वर गेलं की लोक फोटो काढून निघून जातात, वाचत नाहीत.

अमेरिकेत अशा फलकांची मोठी परंपरा आहे. तिथल्या व्हर्जिनिया राज्यात १९२७ साली महामार्गाच्या कडेला इतिहासाचे फलक लावायला सुरुवात झाली. त्यातला एक प्रकार खास जिल्ह्यांसाठी आहे. तिकडे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. काउंटीच्या हद्दीवर उभ्या असलेल्या या फलकांची वाक्यं ठरावीक असतात : हा जिल्हा अमुक साली, अमुक जिल्ह्यातून काढला, आणि अमुक व्यक्तीच्या नावावरून त्याला नाव दिलं. तीनच गोष्टी सांगायच्या : कधी, कशातून आणि कोणाच्या नावाने.

आपल्याकडे आपण फक्त 'कधी' विचारतो. 'कशातून' हा प्रश्न विचारत नाही. आदिलाबादच्या बाबतीत सगळी गोम त्या 'कशातून'मध्येच आहे. आणि आमच्या जिल्ह्यासाठी एक चौथा प्रश्नही घालावा लागतो : त्यातून पुढे काय काय गेलं?

१८७२ : सिरपूर-तांदूर

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याच सुमारास नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदाही इंग्रजांकडे गेला. परिणाम असा झाला, की पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या पलीकडे इंग्रजी अंमल आणि अलीकडे निजामाचा मुलूख अशी सरळ रेघ पडली. त्यापूर्वी हा पट्टा दोन्ही काठांनी एकमेकांत गुंतलेला होता. माणिकगड, सिरपूर, उटनूर ही गोंड राजवटीच्या आठवणी सांगणारी ठिकाणं. त्यांचा संबंध जेवढा गोदावरीकडे तेवढाच चांद्याकडे.

निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ साली जिलाबंदी केली. महसुलाचा मक्ता देण्याची जुनी पद्धत मोडून पगारी अंमलदार नेमले. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, म्हणजे आजचा जिल्हाधिकारी. 'तालुकदार' हा शब्द वाचून तो तालुक्याचा अधिकारी असावा अशी चूक आपण सगळेच सुरुवातीला करतो. मीही केली होती.

या व्यवस्थेत १८७२ साली एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर या तीन तालुक्यांचा एक उपजिल्हा केला. त्याचं नाव सिरपूर-तांदूर. एदलाबाद म्हणजेच आजचं आदिलाबाद. तीन तालुक्यांकडे नकाशात बघा : तिन्ही नदीकाठचे, सरहद्दीचे. सरहद्दीवर नजर ठेवायला वेगळा अंमलदार हवा होता, असा माझा अंदाज आहे.

मग हीच स्थापना म्हणायची का? मंडळात काही जणांचं तसं मत होतं. माझी हरकत साधी होती. तो उपजिल्हा होता, पूर्ण जिल्हा नव्हता. आणि त्याचं नावही आदिलाबाद नव्हतं.

१९०५ : जिल्हा झाला

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात १९०५ साली संस्थानातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली. तेव्हा सिरपूर-तांदूर हा उपजिल्हा पूर्ण जिल्हा झाला आणि आदिलाबाद हे त्याचं नाव आणि मुख्यालय झालं. नुसतं नाव बदललं नाही, आकारही वाढला. इंदूर म्हणजे निजामाबाद जिल्ह्यातून निर्मल आणि नरसापूर हे तालुके आले. एलगंदल म्हणजे करीमनगर जिल्ह्यातून चिन्नूर आणि लक्षेट्टीपेट आले. किनवट आणि जनगाव असे नवे तालुके केले. जनगाव म्हणजेच आजचं आसिफाबाद.

आता व्हर्जिनियाचा प्रश्न लावून बघा. आदिलाबाद जिल्हा कशातून निघाला? एका जिल्ह्यातून नाही. एक उपजिल्हा आणि दोन शेजारी जिल्ह्यांचे तुकडे जोडून तो शिवला आहे. नदीकाठचा मराठी-गोंडी पट्टा, मधलं डोंगर-जंगल आणि गोदावरीकाठचा तेलुगू मुलूख. आज जिल्ह्यात एकाच बाजारात तीन-चार भाषा ऐकू येतात, त्याचं एक कारण या शिवणीत आहे.

मुख्यालयही कायम आदिलाबादेत राहिलं नाही. १९१३ ते १९४१ या काळात ते आसिफाबादेत होतं. म्हणून त्या वर्षांतले कागद शोधणाऱ्याने आसिफाबादचं नावही ध्यानात ठेवावं. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम मारले गेले, तेव्हाही जिल्ह्याचा कारभार आसिफाबादेतूनच चालत होता.

जुळ्या नावांचा घोळ

शोध घेताना मी स्वतः ज्या खड्ड्यांत पडलो, ते इथे खुणा करून ठेवतो. नव्या अभ्यासकाचे महिनोन्‌महिने वाचतील.

एदलाबाद दोन आहेत. एक आमचं. दुसरं खानदेशातलं, आजचं जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर. जुन्या मराठी कागदात नुसतं 'एदलाबाद' दिसलं की आजूबाजूच्या गावांची नावं बघितल्याशिवाय उडी मारू नये. मी एकदा तापीकाठचा व्यवहार पैनगंगेकाठी आणून ठेवला होता.

तांदूरही दोन. सिरपूर-तांदूरमधलं तांदूर आजच्या मंचेरियाल जिल्ह्यात बेल्लमपल्लीजवळ आहे. दुसरं तांदूर हैदराबादच्या पश्चिमेला, फरशीच्या दगडासाठी प्रसिद्ध. ते १९५६ पर्यंत गुलबर्गा जिल्ह्यात होतं. आपल्या घरातली 'तांदूर फरशी' तिकडची.

जनगाव दोन. एक म्हणजे आसिफाबादचं जुनं नाव, दुसरं वरंगळकडचं. नरसापूरही दोन. एक निर्मलजवळचं, दुसरं मेदककडचं.

नाव कोणाचं?

'कोणाच्या नावाने' या प्रश्नाचं उत्तर छापील पुस्तकांत सर्रास मिळतं : विजापूरचा सुलतान अली आदिलशहा याच्यावरून आदिलाबाद. हे वाक्य इतक्या ठिकाणी आहे, की मीही ते डोळे झाकून लिहिणार होतो. मग नकाशा काढला. पैनगंगेचा हा भाग वऱ्हाडाला लागून. वऱ्हाडात एलिचपूरची इमादशाही १५७४ पर्यंत होती. ती अहमदनगरच्या निजामशाहीने बुडवली आणि १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेला. विजापूर इथून फार लांब, आणि मधे दुसऱ्यांची राज्यं. 'आदिल' या शब्दाचा अर्थ न्यायी. एखाद्या गावाला 'न्यायी माणसाचं गाव' म्हणायला विजापूरचा सुलतानच लागतो असं नाही.

म्हणून फलकावर हे नाव घालायचं नाही असं आम्ही ठरवलं. लेखात शंका मांडता येते. दगडावर 'असे म्हणतात' कोरलं, तरी पुढच्या पिढीत ते 'असेच आहे' होतं.

१९५६ : वाटणी

आता मुकादमांच्या उताऱ्याकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं, पण हैदराबाद हे राज्य म्हणून आणखी आठ वर्षं टिकलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्याने ते भाषेप्रमाणे विभागलं गेलं. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, पण सगळा नाही. राजुरा तालुका, किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ एवढा भाग वगळून गेला. वगळलेला भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात नांदेड जिल्ह्याला जोडला. उलट, नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं आदिलाबादला आली. राजुरा नांदेडपासून दूर आणि चांद्याला खेटून, म्हणून १९५९ साली तो चांदा जिल्ह्यात गेला. पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं.

आपल्या वाचकांसाठी दोन ओळखीची ठिकाणं सांगतो. माहूर किनवट तालुक्यात होतं. म्हणजे साडेतीन पीठांतली रेणुकामाता १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होती. आणि बासरची सरस्वती, जिच्यापुढे आपण लेकरांना पाटी गिरवायला नेतो, ती मुधोळकडची. ती १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होती. दोन भावांनी वाटणीत एकेक देवी घेतली असं आमच्या मंडळातल्या एक ताई म्हणाल्या. हसलो सगळे, पण त्याहून सोपं मला सांगता येणार नाही.

राजुऱ्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा हिशेब करा. १९०० साली जन्मला तर जिल्हा सिरपूर-तांदूर. पाचव्या वर्षी आदिलाबाद. छप्पन्नाव्या वर्षी नांदेड. एकोणसाठाव्या वर्षी चांदा. आणखी जगला तर चंद्रपूर. राज्यंही बदलली : निजामाचं संस्थान, भारतातलं हैदराबाद राज्य, द्वैभाषिक मुंबई, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. घर तेच, चूल तीच, विहीर तीच.

ही नुसती गंमत नाही. १९५० साली राजुरा आणि किनवट हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे तिथल्या माणसाचा त्या तारखेचा पुरावा आदिलाबादच्या नावाचाच असणार, आणि बहुतेक वेळा उर्दूतच असणार. ज्याला हे माहीत नाही त्याला तो परराज्यातला वाटतो. पैनगंगेच्या दोन काठांना याद्याही वेगळ्या आहेत. तेलंगणात लंबाडा म्हणजे बंजारा समाज अनुसूचित जमातींत आहे, महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत मोडतो. सोयरीक नदी ओलांडून होते, दाखला मात्र ओलांडत नाही. जिवती तालुक्याच्या डोंगरात तर चौदा गावं अशी आहेत, ज्यांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तिथल्या लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं आली आणि दोन्हीकडच्या मतदार याद्यांत नावं लागली. जिवती हा जुन्या राजुरा तालुक्यातूनच निघालेला तालुका, आणि पलीकडचा केरामेरी मंडल जुन्या आदिलाबादचाच. एकाच घरातली वाटणीची रेघ अजून वाळलेली नाही.

२०१६ : चार चुली

२ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झालं. ११ ऑक्टोबर २०१६, दसऱ्याच्या दिवशी, राज्यातल्या दहा जिल्ह्यांचे एकतीस झाले. जुन्या आदिलाबादचे चार भाग पडले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. १६,००० चौरस किलोमीटरहून मोठा असलेला जिल्हा ४,१५३ चौरस किलोमीटरवर आला, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. २०११ च्या जनगणनेत जुन्या जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाखांच्या वर होती. त्यातली ७ लाखांच्या थोडी वर आजच्या आदिलाबादच्या वाट्याला आली.

त्यामुळे आजच्या काही पत्रकांत 'जिल्हा स्थापना २०१६' असंही दिसतं. निर्मल किंवा मंचेरियालच्या बाबतीत ते बरोबर आहे. आदिलाबादच्या बाबतीत तसं म्हणणं म्हणजे तिघं भाऊ वेगळे झाले त्या दिवशी चौथ्याचा जन्म झाला असं म्हणण्यासारखं. दसऱ्याच्या दिवशी एक मोठी गोष्ट मात्र झाली. ज्या माणसाला निजामाच्या सरकारने बंडखोर म्हणून मारलं, त्याचं नाव त्याच आसिफाबादच्या आधी लागलं. 'कोणाच्या नावाने' या प्रश्नाला चारांपैकी एका जिल्ह्याकडे तरी पक्कं उत्तर आहे.

जैनदचा दगड

मजकूर लिहायला बसण्याआधी मी जैनदला गेलो. आदिलाबादपासून वीसेक किलोमीटरवर हे गाव, तिथे लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ आहे. तिथला नऊशे वर्षांपूर्वीचा शिलालेख अभ्यासकांनी वाचून फार पूर्वी छापला आहे. संस्कृत लेख, नागरी अक्षरं. माळव्याच्या परमार राजा उदयादित्याचा मुलगा जगद्देव याचं त्यात वर्णन आहे. त्याच्या पदरच्या लोलार्क नावाच्या माणसाची बायको पद्मावती हिने निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं देऊळ बांधलं, असं त्यात सांगितलं आहे.

आणि पर्यटकांसाठीच्या छापील माहितीत अनेक ठिकाणी काय असतं? देऊळ पल्लवांनी बांधलं, आणि लेख प्राकृतात आहे. पल्लव कांचीचे. कोणीतरी एकदा लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसऱ्याने रंगवलं. मूळ दगड तिथेच उभा आहे, पण माहितीपत्रकं एकमेकांकडे बघून लिहिली जातात, दगडाकडे कोणी बघत नाही.

त्या लेखातून मी दोन धडे घेतले. एक, कोणी केलं, कोणाच्या राज्यात केलं आणि काय केलं, एवढं नेमकं सांगितलं की नऊशे वर्षांनीही काम भागतं. दुसरा, आपण चूक कोरली तर तीही तेवढीच टिकेल.

मग साल कोणतं?

मंडळात चार बैठका झाल्या. शेवटी मी घरगुती भाषेत मांडलं : १८७२ हा साखरपुडा, १९०५ हे लग्न, १९५६ ही वाटणी आणि २०१६ साली चार चुली. जिल्हा म्हणून नाव, मुख्यालय आणि पूर्ण दर्जा हे तिन्ही एकत्र येतात ते १९०५ साली. म्हणून स्थापनेचं वर्ष १९०५ असं माझं मत, आणि ते मंजूर झालं. पण अट अशी, की बाकीची तिन्ही सालं त्याच दगडावर यायला हवीत. एकटं १९०५ लिहिलं तर राजुरा-किनवटचा माणूस त्यातून गळतो, आणि फलकाची खरी गरज त्यालाच आहे.

भाषेवरही वाद झाला. तेलुगू तर हवीच, उर्दूही हवी, कारण या जिल्ह्याचे जन्माचे कागद तिच्यात आहेत. मराठी हवी, कारण नदीच्या दोन्ही काठांवर ती घरात बोलतात. गोंडीसाठी मी आग्रह धरला. याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली हस्तलिखितं मिळाली, आणि २०१८ साली ती लिपी युनिकोडमध्ये आली. म्हणजे आता ती संगणकावर जुळवता येते, आणि जुळवता येते म्हणजे कोरताही येते. गोंडीला जागा नाही असं म्हणायला आता सबब उरलेली नाही.

मराठी मजकूर असा ठरला आहे :

"आदिलाबाद जिल्हा. १८७२ मध्ये एदलाबाद, राजुरा व सिरपूर तालुक्यांचा सिरपूर-तांदूर उपजिल्हा झाला. १९०५ मध्ये इंदूर व एलगंदल जिल्ह्यांतील तालुके जोडून आदिलाबाद जिल्हा स्थापन झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजुरा, किनवट व इस्लापूर नांदेड जिल्ह्यात गेले. मुधोळ, भैंसा व कुबेर इकडे आले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्मल, मंचेरियाल व कोमरम भीम आसिफाबाद हे जिल्हे यातून वेगळे झाले."

शब्द मोजले आहेत, सत्तरच्या आत आहेत. गौरवाचं एकही विशेषण नाही. काहींना ते कोरडं वाटलं. असू दे. परवानगीचा अर्ज अजून टेबलावरून टेबलावर फिरतो आहे, त्यामुळे दगड उभा राहायला वेळ लागेल.

मुकादमांना मात्र मी थांबायला लावलं नाही. १९५६ च्या कायद्यातलं ते कलम, जिथे राजुरा आदिलाबादमधून वगळल्याचं शब्दशः लिहिलं आहे, त्याची प्रत काढून उताऱ्याला जोडून दिली. वर उर्दूचं मराठी भाषांतर, खाली फसली सनाचं गणित. पुढच्या वेळी त्याच कारकुनाने कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "असं झालं होतं का? मग आमच्या किनवटच्या मामांचंही असंच असेल." अर्ज दाखल करून घेतला.

फलकाच्या मसुद्याची एक प्रत तो मागून घेऊन गेला, असं मुकादम सांगत होते. दगड उभा राहण्याआधीच त्याला पहिला वाचक मिळाला.